घागर भरू नये

मी, सौ. सुनंदा व्हिन लाम, माहेरची पाटील, वय ४४, राहणार एरंडोल, हे माझ्या हाताने, कोणी न सांगता लिहीत आहे. मला भीती वाटते, पण भीती म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

माझे पती लाम क्वोक व्हिन हे दक्षिण व्हिएतनामच्या दिल्लीतल्या वकिलातीत अधिकारी होते, मी तिथे टंकलेखक. त्यांचे सारे घराणे सत्तेत होते. १९७५ साली ती सत्ता उलथली तेव्हा ह्यांच्या थोरल्या भावाने स्वतःला वाचवण्यासाठी सर्वांत धाकट्या भावाला शत्रूच्या हाती दिले. ह्यांना ते कळले, पुढची पाळी आपली म्हणून आम्ही माझ्या माहेरी आलो. गावाने ह्यांना ‘नेपाळी नाना’ केले. कसे आहात विचारले की आमच्या बोलीत म्हणत, “बठ्ठं बरं शे,” सगळे बरे आहे. पाठ मात्र कधी दाराकडे करून बसले नाहीत.

चार वर्षांपूर्वी दिल्लीहून तार आली. हे जळगाव स्टेशनवर कोणाला तरी भेटायला गेले, ते परतले नाहीत. पोलिसांचा तपास कागदावर तरी चालू आहे.

१. शेत माझा भाऊ भटू याला. राहते घर पतींचे. ते येईपर्यंत भटूने सांभाळावे, विकू नये. दाराकडे तोंड केलेली खुर्ची हलवू नये.

२. शेजारच्या उखर्डू आबांची शिडी परत द्यावी. त्यांनी ह्यांना ‘पळपुटा’ म्हटले, म्हणून मी ती अडकवून ठेवली. तो माझा लहानपणा. शब्द मात्र विसरलेले नाही.

३. गेल्या महिन्यात त्या थोरल्या भावाचा मुलगा आला. वाकून नमस्कार केला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपण गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतो, हे भटूने त्याला सांगून टाकले. तो इंग्रजीत म्हणाला, “काकू, मग भरा ना. मी फोटो काढायला येतो.” तेव्हापासून नाल्याच्या पुलाजवळ एक मोटारसायकल उभी असते.

भटू म्हणतो, “अक्का, भरी टाक घागर. किती वाट देखशी? नानाले तीस लागनी व्हई.”

या तहानेचा विचार मी रोज करते. हे गेले असतील, तर माझ्या हट्टापायी तहानलेले आहेत. नसतील, तर? मेला म्हणून ठरलेल्या माणसाला कोणीही मारू शकतो.

म्हणून माझ्यामागे जो ह्यांच्या नावाची घागर भरेल, त्याला माझ्या मिळकतीतले काही मिळणार नाही. भटूलाही नाही.

४. माझे काही बरेवाईट झाले, तर मला हिरवे लुगडे नेसवावे, कुंकू लावावे. गावाने बघावे.

५. आखाजीला ओसरीवर साधा माठ भरून ठेवावा. घागरीवर ठेवतात तसा वर आंबा नको, सांजोरी नको. शेजारी पेला ठेवावा. हे जिवंत असतील तर हाताने घेऊन पितील. नसतील, तर पाणी त्यांना सापडेल. पुतण्याने फोटो काढलाच, तर त्यात पेला दिसला पाहिजे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली, त्यांनीही माझ्यासमोर केली.

साक्षीदार: अभिमन तोताराम महाजन, शिक्षक
लीलाधर पुना वाणी, दुकानदार

सही: सौ. सुनंदा व्हिन लाम
एरंडोल, २० एप्रिल १९८७