पंधरा दिवसांचं मशीन

दारव्हा,
६ नोव्हेंबर २०२५

प्रिय भावसिंगभाऊ यांस,

जय सेवालाल. वामनरावचा नमस्कार. रुपीवहिनी, जीवन, बबिता सगळ्यांना आठवण सांगा. इकडे मी आणि भागीरथा ठीक आहोत.

फोनवर बोलायला लागलं की पाचव्या वाक्याला तुम्हाला धाप लागते, सातव्याला मला. त्यामुळे ममताताईंनी आपल्याला चिठ्ठ्या लिहायची सवय लावली ते बरंच झालं. ही चिठ्ठी नेमसिंगच्या जीपनं पाठवतो आहे. तांड्याच्या फाट्यावर तो जीवनच्या हाती देईल.

काल आपल्या श्वाससोबती मंडळाची बैठक झाली. शाळेच्या मागच्या खोलीत अकरा जण जमलो. तुम्ही नव्हता, म्हणून खिडकीजवळच्या बाकावर कोणी बसलं नाही. ममताताई दवाखान्यातली ड्यूटी आटपून नेहमीच्या बसनं यवतमाळहून आल्या. सगळ्यांचे श्वासाचे पंप तपासले. रुक्माबाई इतके दिवस औषध तोंडातच ठेवत होत्या, आत ओढतच नव्हत्या, हे काल कळलं. मग टेबलावर कापसाचा पुंजका ठेवून ओठांचा चंबू करून फुंकरीनं पलीकडे न्यायचा खेळ झाला. देवीलालचा पुंजका जागचा हलेना, तर तो म्हणाला, "मले ओला कापूस देल्ला ताई तुमी." फार हसलो. हसता हसता चौघांना खोकला लागला.

शेवटी व्हरांड्यात सहा मिनिटं चालायची चाचणी झाली. पुष्पा सगळ्यांत पुढे गेली. मी चाललो नाही. गुडघा दुखतो असं सांगितलं.

आता मशीनबद्दल. मंडळाचं ऑक्सिजनचं मशीन एकच, ज्याला डॉक्टर लिहून देतील त्याला पंधरा दिवस, आणि मग पुढच्याला, हा नियम आपण दोघांनीच बसून ठरवला होता. दिवाळीत मी दवाखान्यातून आलो तेव्हा ते माझ्याकडे आलं. कालपासून तुमचा नंबर, हे वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. पण भाऊ, मशीन बिघडलं आहे. लाल दिवा लागतो आणि बंद पडतं. यवतमाळच्या मेकॅनिकला निरोप दिला आहे. आठ-दहा दिवस लागतील म्हणतो.

तोवर पुढे वाकून, कोपरं मांडीवर टेकून बसत जा. बोलणं कमी ठेवा. शेताच्या धुऱ्यावर काडीकचरा जाळत असतील तर त्या दिवशी शेताकडे जाऊच नका. बोटाला ते छोटं मशीन लावून ऑक्सिजनचा आकडा बघत जा, पण सारखा सारखा नको. सारखा बघितला की आकडाच माणसाला खायला उठतो.

आपला,
वामनराव


दारव्हा,
१५ नोव्हेंबर २०२५

प्रिय भावसिंगभाऊ,

नमस्कार. ही चिठ्ठी जीवन तुम्हाला वॉर्डात वाचून दाखवेल, म्हणून थोडक्यात लिहितो.

बुधवारी दुपारी जीवनचा फोन आला. तुमच्या बोटावर एक्क्याऐंशी आकडा होता, ओठ निळे पडले होते, आणि नेमसिंगनं वाटेतले गिऱ्हाईक उतरवून तुम्हाला थेट यवतमाळला नेलं, हे कळलं. ऐकून मी खाटेवर बसलो तो बराच वेळ उठलोच नाही. भागीरथा म्हणाली, "आपण जाऊ भेटाले." मी कपडे घालून बसस्टँडपर्यंत गेलो. बस लागलेली होती. पायरीवर पाय ठेवला आणि परत आलो. तिला सांगितलं, गर्दी होती.

गर्दी नव्हती.

जीवन सांगत होता की तोंडावर मास्क असतानाही तुम्ही त्याला म्हणालात, "वामनराव बिचारा मशीनसाठी धावपळ करून राह्यला असन." भाऊ, असं म्हणू नका. कोणाजवळ म्हणू नका.

मेकॅनिक अजून आलेला नाही.

तुम्ही लवकर बरे व्हा. मी रोज तुम्ही बरे होण्याचीच वाट बघतो आहे. हे तरी खरं माना.

वामनराव


दारव्हा,
२३ नोव्हेंबर २०२५

भावसिंगभाऊ यांस,

नमस्कार. उद्या तुम्हाला सुट्टी मिळणार असं जीवनकडून कळलं. तुम्ही तांड्यावर पोचाल तेव्हा मशीन तुमच्या खाटेजवळ असेल आणि ही चिठ्ठीही, ती नेमसिंगच्या जीपनं मागून पाठवतो आहे. ही तुम्ही स्वतः वाचा. थांबत थांबत वाचली तरी चालेल.

मशीन बिघडलेलं नव्हतं. एक दिवसही नाही.

लाल दिवा, मेकॅनिक, निरोप, सगळं मी रचलं. तुम्हाला सहा तारखेची चिठ्ठी लिहिली तेव्हा मशीन माझ्या पायाशी चालू होतं आणि नळी माझ्या नाकात होती. तुम्हाला पुढे वाकून बसा असं शिकवत होतो तेव्हाही.

आता कारण सांगतो. कारण सांगितल्यानं काही हलकं होणार नाही, पण खोट्यावर आणखी झाकण नको.

दिवाळीआधी मी दवाखान्यात गेलो, तो कसा, हे मी मंडळात पूर्ण सांगितलंच नव्हतं. भर दुपार होती. भागीरथा शेतात, आणि शेजारच्या वावरात सोयाबीनचं मळणीयंत्र चालू. त्याचा भुसा वाऱ्यानं आमच्या अंगणात येत होता. दार लावायला म्हणून उठलो आणि छाती आवळली. पंप दाबला तर रिकामा. फाटकापर्यंत गेलो आणि तिथेच खाली बसलो. रस्त्यावरून माणसं जात होती, भाऊ. सायकलवाला गेला, दोन बाया डोक्यावर गाठोडी घेऊन गेल्या. मला हाक मारता येत नव्हती. तोंड उघडत होतं, आवाज निघत नव्हता. त्यांना वाटलं असेल, म्हातारा उन्हात बसला आहे. किती वेळ ते माहीत नाही. विहिरीत बुडणाऱ्याला निदान पाणी दिसतं. माझ्या चारही बाजूंना हवाच हवा होती आणि त्यातली एक चिमूटभर माझी नव्हती.

त्या दिवसापासून मी भ्यालो तो भ्यालोच. जिनिंगच्या कारखान्यात तीस वर्षं रुईच्या धुळीत काढली, तेव्हा कधी भीती वाटली नाही. आता भागीरथा शेतात निघाली की वाटते. ती वेशीपर्यंतही गेली नसेल, तोच मी बोटाला मशीन लावतो. चौऱ्याण्णव. दहा मिनिटांनी परत. चौऱ्याण्णव. आकडा चांगला असला तरी पुढच्या वेळी नसेल असं वाटतं. नळी नाकात घातली आणि मशीनची घरघर सुरू झाली की तेवढा वेळ छाती सुटते.

डॉक्टरांनी दहाव्या दिवशीच सांगितलं होतं की आता याची गरज नाही. ममताताई तर नेहमी सांगतात, गरज नसताना ऑक्सिजन घेणंही बरं नाही. मला सगळं माहीत होतं. पाच तारखेला सकाळी मशीन पुसून, वायर गुंडाळून दाराशी ठेवलं होतं. नेमसिंगच्या जीपचा हॉर्न ऐकू आला. आणि मी ते उचलून परत आतल्या खोलीत नेलं. इतकंच केलं. एवढ्याशा कामाला मला दोन मिनिटं लागली, आणि तुम्हाला अकरा दिवस वॉर्डात काढावे लागले.

भागीरथेला मी सांगितलं होतं की डॉक्टरांनी माझे दिवस वाढवले.

आता रुपीवहिनींबद्दल. त्यांनी तुम्हाला काय सांगितलं, मला माहीत नाही. गेल्या मंगळवारी त्या यवतमाळहून कपडे न्यायला तांड्याकडे जाताना आमच्या घरी आल्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "डाक्टर म्हणते, घरी मशीन असन तरच सुट्टी देतो. झालं का दुरुस्त, भाऊ?"

मी नळी काढून धावत बाहेर आलो होतो. मशीन बंद करायचं राहिलं. आतून घरघर येत होती.

"नाही झालं अजून," मी म्हणालो.

त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. "हा कायचा आवाज येऊन राह्यला?"

"फ्रीजचा."

आमच्याकडे फ्रीज नाही, हे त्यांना ठाऊक आहे. उन्हाळ्यात त्या आल्या होत्या तेव्हा भागीरथेनं माठातलं पाणी देताना त्यावरूनच बोलणं झालं होतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. नळीचे वळ माझ्या गालांवर उमटलेले असणार. मला वाटलं, आता ओरडतील, आत शिरतील, दोन शिव्या देतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्या पदर सावरून एवढंच म्हणाल्या, "बरं. दुरुस्त झालं का सांगजा, भाऊ. आमी वाट पाहून राह्यलो." आणि उन्हातून फाट्याकडे चालू लागल्या.

मी दारात उभा राहिलो. हाक मारावीशी वाटली. या वेळी आवाज होता, तरी मारली नाही.

संध्याकाळी भागीरथा आली. तिनं चूल पेटवायच्या आधीच मी तिला सगळं सांगितलं. ती ओट्यावर बसली होती, हातात कापूस वेचायची ओटी तशीच. मग उठून आत गेली, ते बोटाचं मशीन आणलं, माझ्या बोटाला लावलं.

"किती हाये?"

"चौऱ्याण्णव."

"अन् त्यायचं किती होतं?"

मी सांगितलं.

"मले काहून खोटं सांगतलं तुमी? भेव वाटते म्हनून सांगतलं असतं त मी वावरात गेली नसती. कापूस झाडाले लटकून राह्यला असता. त्यात काय होतं?" तिचे डोळे भरले. "मशीन मी नेत नाही. तुमीच न्या. अन् समद्यायसमोर सांगा."

बुधवारी मंडळाची जादा बैठक बोलावली. वाटेत तीनदा थांबलो. सगळे जमल्यावर मी उभा राहून सांगितलं. लिहिलं आहे तेवढंच, असंच. खोलीत फक्त श्वासांचे आवाज येत होते. आपल्या खोलीत शांतता अशीच असते, तुम्हाला माहीत आहे. देवीलाल भिंतीकडे बघत बसला. रुक्माबाई रडल्या. माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी. ममताताईंनी विचारलं, "आता भीती किती आहे?" मी म्हणालो, "आहे तितकीच." त्या म्हणाल्या, "मग पुढच्या वेळेपासून बैठकीत आधी तेच विचारायचं. पंप नंतर."

वही मी पुष्पाच्या पुढे ठेवली. कोणीतरी राहू द्या म्हणेल असं वाटलं होतं. कोणी म्हणालं नाही. पुष्पानं वही उचलून पिशवीत टाकली. ते योग्यच झालं, पण घरी येईपर्यंत माझे हात रिकामे रिकामे वाटत होते.

मशीन मीच पोचवणार होतो, पण आज सकाळी जीवनच जीप घेऊन आला. त्याला मी दारातच खरं सांगितलं. तो माझ्याहून उंच आहे, मी मान वर करून बोललो. त्यानं मशीन उचललं, जीपमध्ये ठेवलं, वर चादर टाकली. मग परत आला आणि विचारलं, "काका, तुमच्या पंपात औषध आहे ना?" मी हो म्हणालो. तो गेला.

आता दुपारचे दोन वाजले आहेत. भागीरथा आज घरीच थांबणार होती, मीच तिला पाठवलं. आतल्या खोलीत मशीनच्या जागी फरशीवर चौकोनी डाग राहिला आहे. तिकडे बघत नाही. दर दोन ओळींनंतर पेन ठेवतो, ओठांचा चंबू करतो, हळू सोडतो. पलीकडच्या वावरात काहीतरी जळत असल्याचा वास येतो आहे, खरा आहे की मनातला, कळत नाही. मला भीती वाटते आहे, भाऊ. तुम्हाला खोटं लिहिलं तेव्हाही वाटत होती, आणि खरं लिहितानाही कमी झालेली नाही.

माफी मागत नाही. तुमच्या छातीत हवा मावत नाही, त्यात माझी माफी कुठे ठेवणार तुम्ही?

रुपीवहिनींना सांगा, त्यांनी त्या दिवशी ऐकलं ते बरोबर ऐकलं.

मशीन दोन लिटरवरच ठेवा, डॉक्टरांनी सांगितलं तितकंच. त्याच्या बाटलीत पाणी उकळून गार केलेलं घाला. पंधरा दिवसांचा हिशेब धरू नका, मंडळानं तुमच्यासाठी तो नियम सैल केला आहे.

येत्या रविवारी मी तांड्यावर येतो आहे. फाट्यापासून तुमच्या घरापर्यंत चढ आहे, तो मी एकट्यानं चढेन. वेळ लागेल. तुम्ही दार बंद ठेवलं तर बाहेर बसून दम खाईन आणि परत फिरेन. उघडलं तर काही बोलू नका, तुम्हाला धाप लागेल.

तुमचा अपराधी,
वामनराव