दुसऱ्या दोरीचं चित्र

मी, होडीसुताराची विधवा, वय अठ्ठ्याहत्तर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. लिहायला-वाचायला माझी मीच शिकले. कायद्याची भाषा अडली तिथे माझी घातली आहे.

१. राहत्या दोन खोल्या मुलीला. मधली भिंत पाडायचा बेत जावईबापूंनी आधी तिला विचारावा, मग गवंड्याला.

२. रंधे, वाकस आणि पटाशा शेजारच्या सुताराला. करवत देऊ नये. एकदा नेली ती गंजवून आणली आणि वर म्हणतो, "वहिनी, आधीपासूनच तशी होती!"

३. नदीवरच्या गलबतांचं आणि नावांचं शाईचं चित्र थोरल्या मुलाला. अठराव्या शतकातल्या कोणा चित्रकाराचं हे काम गोदीच्या मालकाने गोदी बंद करताना आमच्या ह्यांना दिलं. त्यात धक्क्याला लागलेली एक नाव एकाच दोरीने बांधली आहे. मागची दुसरी दोरी ह्यांनी सुतारकामाच्या पेन्सिलीने काढली. चित्रं पारखणारा म्हणाला, ती रेघ पुसली तरच गिऱ्हाईक मिळेल. थोरल्याने पुसण्याआधी पुढचं वाचावं.

धाकटा बावीस वर्षांचा होता. एका दुपारी आमच्या होडीत झोपला. पाणी वाढलं, होडी सुटली आणि बंधाऱ्यावर फुटली. धाकटा गेला. थोरला बापाला म्हणाला, "सुतार म्हणवता आणि होडी बांधता येत नाही?" हे म्हणाले, "चुकलंच माझं." त्यानंतर थोरल्याने त्यांना बाबा म्हटलं नाही. ते गेले तेव्हाही आला नाही.

ह्यांनी होडी दोन दोऱ्यांनीच बांधली होती. मागची मी सोडली. चादरी वाळत घालायला दोरी हवी होती, तेवढा वेळ पुढची पुरेल असं वाटलं. मी खरं सांगायला निघाले तर ह्यांनी हात धरला. "बाप तर त्याचा गेलाच. आई तरी राहू दे त्याला." मी गप्प बसले. हे असताना पंधरा वर्षं, नसताना सहा.

४. रेघ पुसायची की ठेवायची, चित्र विकायचं की नाही, हे थोरल्याने ठरवावं. मला शेवटचं पोचवायला पाय उचलला नाही तरी माझा राग नाही. अट एकच. ह्यांच्याविषयी बोलताना "तो सुतार" न म्हणता बाबा म्हणावं.

साक्षीला बोलावलेला कंपाउंडर म्हणाला, "आजी, ही अट कोर्टात टिकायची नाही."
मी म्हटलं, "ठाऊक आहे. तू सही कर."

साक्षीदार: १. दवाखान्यातला कंपाउंडर (सही)
२. समोरची शिवणकाम करणारी (सही)

लिहून देणार: थोरल्याची आई (सही)
ठिकाण: राहतं घर. दिनांक: नऊ मार्च.