खंडेनवमीला पूजेत राहिलेल्या पान्याबाबत

प्रति,
मा. देखभाल व्यवस्थापक,
गगनवेध विमान देखभाल कंपनी,
विमानतळ, मुंबई.

अर्जदार : श्रीमती कौसल्या दगडू घाडीगावकर, वय ७४, राहणार डिलाईल रोड, मुंबई.

विषय : आपला हरवलेला पाना माझ्याजवळ असल्याबाबत, आणि त्याचा दोष माझी नात श्रेया हिच्यावर न ठेवण्याबाबत.

संदर्भ : श्रेयाला कामावरून थांबवल्याचे आपले दि. ३ ऑक्टोबर २०२५ चे पत्र. चौकशी बुधवार, दि. ८ रोजी.

महोदय,

१. मी चौथीपर्यंत शिकलेली आहे. सदर अर्ज आमच्या खालच्या मजल्यावरचा, वकिलाकडे कारकुनी करणारा मुलगा लिहून देणार होता. त्याने पहिल्याच ओळीत ‘अनवधानाने’ असा शब्द घातला. अर्थ विचारला आणि कागद परत घेतला. अनवधानाने काही झालेले नाही. म्हणून हा अर्ज माझ्याच हाताने लिहीत आहे. अक्षराला हसू नये.

२. माझे यजमान कै. दगडू घाडीगावकर गिरणीत फिटर होते. दर खंडेनवमीला त्यांचा पाना आमच्या घरी पूजेला असे. “हत्यारार घर चलता, तेका पाय लावू नको,” असे ते म्हणत. पूजेला लावलेले हत्यार दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत जागचे हलवायचे नाही, ही आमची रीत. गिरणी बंद पडली, ते गेले, पाना राहिला. पुढे घरात हत्यारच कुणी धरले नाही. मुलगा अभय पतपेढीत आहे. तो पूजेला मोबाईल ठेवतो. त्याला हळदकुंकू वाहताना माझीच मला लाज वाटते.

३. श्रेया त्या अभयची मुलगी. विमानाची दुरुस्ती करते म्हणताना चाळीत कुणाला खरे वाटेना. शेजारची रुपाली तर “म्हणजे चहा-पाणी देते ना वर?” असे विचारून गेली. म्हणून यंदा गणपतीत मंडळाने मुलांना मार्गदर्शन करायला श्रेयालाच उभे केले. मी पहिल्या रांगेत, रुपालीच्या बरोब्बर पुढे खुर्ची टाकली. श्रेया म्हणाली, विमानातली नोकरी म्हणजे विमानात बसणे नव्हे, विमानाखाली आडवे होणे. बारावीला गणित आणि फिजिक्स सोडू नका. हात काळे होतात, ते धुतले की जातात. मग तिने स्वतःची गोष्ट सांगितली. शिकत असताना तिच्या हातून एक चकती इंजिनाजवळ पडली. सांगू की नको, असे झाले. सांगितली. साहेबांनी सगळ्यांना कामाला लावून ती शोधली आणि नंतर हिला चहा पाजला. ती मुलांना म्हणाली, “आमच्याकडे चूक केली तर ओरडा मिळतो. लपवली तर नोकरी जाते. कारण वर गेलेल्या विमानातली माणसं तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून बसलेली असतात.” टाळ्या सर्वांत मोठ्या माझ्या होत्या.

४. खंडेनवमीच्या आधी मी तिला म्हटले, एक तरी हत्यार पूजेला आण. ती म्हणाली, “आजी, तिथला स्क्रूसुद्धा मोजलेला असतो. वेड लागलंय का तुला?” मी पुन्हा मागितले नाही. राग धरला, तो वेगळा.

५. बुधवारी, १ तारखेला, खंडेनवमीलाच, ती सकाळची पाळी करून घरी आली आणि जेवून दादरला परीक्षेच्या क्लासला गेली. तिचे कामाचे कपडे मी भिजवायला घेतले. खिशात वीतभरसुद्धा नसलेला पाना. पाळी सुटताना हत्यारांचा डबा न मोजता तिने सही केली होती. ती चूक तिची आहे, तिने कबूल केलेली आहे आणि ती माफ करा असे मी म्हणत नाही. पण मला त्या वेळी वाटले, देवीनेच धाडला. मी तो यजमानांच्या पान्याशेजारी ठेवला, हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले. मोठ्याशेजारी धाकटा शोभून दिसला.

६. तासाभरात श्रेयाचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. “आजी, माझ्या खिशात पाना आहे का? नीट बघ. विमान थांबवलंय.” मी समोर बघितले. आता उचलला तर पूजा मोडते. म्हटले, “नाही गो.” ती म्हणाली, “नक्की?” मी म्हटले, “मी काय आंधळी आहे?” महोदय, यातला एकही शब्द तोंडातून चुकून निसटलेला नाही.

७. पुढचे आपणांस ठाऊक आहे. आपल्या माणसांनी इंजिन उघडून शोधले, विमान दुसऱ्या दिवसापर्यंत उडाले नाही. त्यात बसणाऱ्या कुणाची लेक दसऱ्याला आईकडे पोचली नसेल. दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाली. तेव्हा बोलता आले असते. तेव्हा देव आड नव्हता, मीच आड होते. पाना तांदळाच्या डब्यात घातला. संध्याकाळी श्रेया रडून सुजलेले डोळे घेऊन आली, तशीच वाकली आणि माझ्या हातावर सोने ठेवले. आपट्याचे पान ते, पण हात भाजला. तरी मी तिला “यशस्वी हो” म्हटले.

८. शनिवारी मी तिला सांगितले. वाटले होते, तोडून बोलेल. तिने पाना बॅगेत ठेवला आणि म्हणाली, “बुधवारी सांगेन की बॅगेच्या अस्तरात मिळाला. तुझं नाव नको.” म्हणजे जे तिने चाळीतल्या पोरांना करू नका म्हणून सांगितले, ते आता ती आपणांसमोर करणार, तेही माझ्यासाठी. गिरणी बंद होती तेव्हा मी खानावळ चालवून पोरे वाढवली, पण खोटे कुणाला वाढले नाही. हिच्या ताटात मात्र मीच वाढले.

९. सबब विनंती की, डबा न मोजल्याची जी शिक्षा असेल ती तिला द्यावी. पाना लपवल्याची आणि विमान थांबल्याची मला द्यावी. बुधवारी मला बोलवावे. जिना चढते, ऐकू येते.

१०. आज सकाळी तो पाना मी तिच्या बॅगेतून पुन्हा काढून घेतला. ती शोधत होती. मला विचारले, मी नाही म्हटले. हे दुसरे खोटे. हा अर्ज मी स्वतः आपल्या फाटकावर देऊन लगेच घरी निघत आहे. तरी आपण तिला फोन करण्याआधी मला दीड तास द्यावा. तिला हे माझ्या तोंडून कळायला हवे.

आपली अपराधी,
कौसल्या दगडू घाडीगावकर
(सही केली आहे, अंगठा नाही)

दि. ६ ऑक्टोबर २०२५

सोबत : आपला पाना, नग एक. कुंकू पुसलेले नाही. ते आपणच पुसावे, माझा हात होत नाही.