स्लॅबवरचं पाणी

३ ऑक्टोबर १९९४

स्लॅब टाकला एकदाचा! अय्यूबभाईंनी गल्लीभर जिलेबी वाटली. घरमालक असावा तर असा — वरची खोली झाली की आम्हालाच देणार, खालच्या कोंदट खोलीत बाळ नको म्हणाले. कमळाने माझ्या वाटणीचीही जिलेबी खाल्ली. सातवा महिना लागलाय तिला, बोलायची सोय नाही.

५ ऑक्टोबर

राघो मिस्त्रीने स्लॅबवर मातीचे बांध घातले, वाफे केले, पाणी भरलं. तीन आठवडे पाणी तोडायचं नाही, नाहीतर भेगा पडतात. कमळाला माहेरची, दिघाशीची भातखाचरं आठवली. पाणी घालायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं. मी राहनाळच्या गोदामातून परत येतो तेव्हा बाईसाहेब वाफ्यात पाय सोडून बसलेल्या असतात.

१५ ऑक्टोबर

डास! गोदामामागे एवढं गटार, पण तिथेही इतके नाहीत.

१७ ऑक्टोबर

मलेरियावाला आला होता. वाफ्यातलं पाणी पळीत घेऊन दाखवलं — डासांच्या अळ्या, वळवळत होत्या. कमळाला ती खाचरातल्यासारखी माशांची पिल्लं वाटली होती. परवा मला कौतुकाने दाखवलीही होती! तो म्हणाला, गावात जिथे तिथे बांधकाम, आणि जिथे बांधकाम तिथे असंच पाणी. आठवड्यातून एक दिवस स्लॅब कोरडा करा, पुन्हा भरा, काही बिघडत नाही. बांध फोडून गेला.

राघो मिस्त्री भडकला. स्लॅब तडकला तर मला विचारू नका म्हणाला. मी म्हटलं, एक दिवस राहू दे कोरडा. कमळा ऐकेना.

"आपलीच खोली हाय ना ती? उद्या बाळाच्या अंगावर गळली म्हंजे?"

स्वतःच्या हाताने माती थापून तिने बांध परत घातले. मी बादल्या वाहिल्या. तिच्यापुढे माझं कधी चाललंय!

२७ ऑक्टोबर

कमळाला थंडी वाजून ताप. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. दुपारी घाम येऊन उतरला. मला म्हणाली, तोंड कशाला पाडलंय?

२९ ऑक्टोबर

पुन्हा ताप. रक्त तपासलं. मलेरियाच. वाईट जातीचा आहे म्हणाले, दवाखान्यात ठेवून घेतलं.

३१ ऑक्टोबर

ताप डोक्यात गेलाय. मला ओळखत नाही. सारखं एकच विचारते — "वरती पानी घातला का?"

मी हो म्हणतो. दर वेळी हो म्हणतो.

२ नोव्हेंबर

कमळा गेली. बाळही तिच्या पोटातच.

१४ नोव्हेंबर

अय्यूबभाई रोज दारात येऊन बसतात. काल म्हणाले, "अनंता, खोली तुझीच हाय." मी त्यांच्या अंगावर ओरडलो. नको मला तुमची खोली! म्हातारा माणूस तसाच उठला, चप्पलही उलटी घातली. नंतर फार वाईट वाटलं. त्यांनी तरी काय केलं? मिस्त्रीने काय केलं? सगळ्यांनी आमचं भलंच पाहिलं. रागवायला कोणी उरलेलंच नाही. मग मी कमळावरच रागावतो आणि रडत बसतो.

३० नोव्हेंबर

आज वर गेलो. वाफे केव्हाच मोडलेत, माती वाळून पडलीय. एका ढेकळावर तिच्या बोटांच्या खुणा होत्या. ते खाली घेऊन आलो.

स्लॅबला एकही भेग नाही.

२२ जानेवारी १९९५

समोरच्या गोदूबाईंनीही स्लॅब टाकलाय. वाफे, पाणी, सगळं तसंच. आज गोदामातून आलो तर त्यांची सून वर पाणी घालत होती. पोटुशी आहे. मी खाली डबा ठेवला, त्यांचा जिना चढून वर गेलो आणि लाथांनी बांध फोडायला लागलो. खालून गोदूबाई शिव्या देत होत्या, राघो मिस्त्रीला हाक मारत होत्या. सुनेने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातलं फावडं आणून माझ्या हातात दिलं.