यादी नेटवर टाकली

५ जून २००६
साहेबांनी बोलावलं. माहितीच्या अधिकाराचा कायदा आलाय, भूकंपग्रस्त कुटुंबांची यादी नेटवर टाका म्हणाले. लोकांना, कंपन्यांना, कुणालाही वापरता आली पाहिजे. काम माझ्याकडं. अख्ख्या लातुरात माझ्याइतकं एक्सेल कुणाला येत नाही. आठवड्यात संपवणार. चहा बंद.

८ जून
‘मयत’ हा रकाना काढून टाकला. फाइल जड होत होती. दुसरं कारण नाही. नाव, गाव, जन्मसाल, फोन, एवढं पुरे. चहा चालू.

१२ जून
यादी नेटवर. साहेब खूश. जळकोटच्या ऑफिसातून फोन, कसं केलं म्हणून. सत्कार झालाच तर चार शब्द तयार असावेत.

१९ जून
एका कोचिंग क्लासनं यादी उतरवून घेतली. एकोणनव्वद सालची पोरं निवडली, यंदा बारावीला असणार म्हणून. डेटाचा खाजगी वापर म्हणतात तो हाच. लातूर पुढं चाललंय.

२१ जून, संध्याकाळ
घरी क्लासचा फोन. गोदावरीनं घेतला. मिहिर आहे का, विचारत होते.
मिहिर आमचा मुलगा. भूकंपाच्या रात्री आजोळी होता. चार वर्षांचा.
गोदावरी म्हणाली, “बाहेर गेलाय. निरोप सांगा.”
सिस्टिमची चूक असणार, असं मी तिला समजावलं. ती पोळ्या लाटत राहिली.

२२ जून
तिघंजण ऑफिसात येऊन गेले. त्यांच्याही घरी असेच फोन. एक बाई नुसतीच बसून होती. साहेबांनी यादी काढायला लावली. तात्पुरती. तांत्रिक कारण.
गोदावरी म्हणते, रविवारी क्लासचं डेमो लेक्चर आहे, जाऊ. जाणार. मॅनेजरला झापून नाव कमी करून घेणार. दोन मिनिटांचं काम.

२५ जून, रविवार
झापलं नाही. गर्दी होती.
काउंटरवर विचारलं, विद्यार्थी कुठाय? गोदावरी म्हणाली, मागून येतोय. शेवटच्या बाकावर बसलो, मधे एक जागा सोडून. उशिरा आलेल्या एका मुलीनं तिथं बसू का विचारलं. गोदावरीनं जागेवर हात ठेवला.
“न्हाई बाई. हाय कुणीतरी.”
फिजिक्स पूर्ण ऐकलं. रिक्षात ती म्हणाली, “लई अवघड हाय हो. जमलं असतं का त्याला?”
मी म्हटलं, न जमायला काय झालं, दहापर्यंत आकडे यायचे त्याला.
“पाचपर्यंतच यायचे,” ती म्हणाली.