दाजींच्या पिस्तुलावरची लाल रेघ

चिक्कडपल्ली, हैदराबाद
१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

चि. त्रिवेणी हिस अनेक आशीर्वाद.

अठ्ठावीस वर्षं तुझ्या नावाआधी 'सौ.' लिहिलं. आता तिथे लोक जे लिहितात ते माझ्याच्याने लिहवत नाही, म्हणून जागा कोरी सोडली. राग मानू नकोस.

इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा पुन्हा सुजलाय, तरी बरकतपुऱ्यापर्यंत पायीच जायचा हट्ट काही सुटत नाही. तुझ्या गौरीला नांदेडचं कॉलेज मानवलं का? ती माझा फोन घेत नाही. मराठी वाचायचं म्हटलं की तिच्या कपाळाला आठ्या पडतात, तेव्हा हे पत्र तूच तिला मोठ्याने वाचून दाखव. पण आधी एकटी वाच.

तीस वर्षांत पहिल्यांदाच आज आपल्या बंदुकांच्या दुकानात हत्यारांची पूजा मांडली नाही. वहिनीने कारण विचारलं तर तिच्यावर खेकसलो. कारण तिला नाही, आधी तुला सांगायला हवं.

दहा दिवसांवर दाजींचं वर्षश्राद्ध आलं. तुझा दीर अरविंद येईल, एव्हाना नवे दात बसवले असतील त्याने. दहाव्याला चार माणसांत तो म्हणाला होता, "हातात पिस्तूल असून दादा मेला. हात थरथरला त्याचा, दुसरं काय!" मी हातातला तांब्या त्याच्या तोंडावर हाणला. एकदा नाही, तीनदा. दोन दात पडले, रक्त पिंडाच्या भातावर उडालं, तरी मी थांबेना. चौघांनी मला ओढलं. मग तू माझ्या फुटलेल्या बोटांना पदर गुंडाळलास आणि म्हणालीस, "एक तूच आहेस दादा, त्यांच्या बाजूने."

मी त्यांच्या बाजूने नव्हतो, त्रिवेणी. अरविंद खोटं बोलतोय हे तिथे फक्त मला ठाऊक होतं आणि खरं सांगायची माझी छाती नव्हती. म्हणून मारलं.

आता नीट सांगतो. दाजींकडे त्यांच्या वडिलांचं जुनं पोलादी पिस्तूल होतं. सव्वा किलोचं धूड. प्लॉटच्या भांडणात धमक्या यायला लागल्यावर ते रोज कमरेला लावू लागले आणि पँट सावरत फिरू लागले. मीच त्यांची टर उडवली. "दाजी, हा वरवंटा कशाला वागवता?" म्हणून अलॉयच्या, म्हणजे हलक्या ॲल्युमिनियमच्या, फ्रेमचं नवं घ्यायला लावलं. फ्रेम म्हणजे पिस्तुलाचं खालचं अंग. वरची स्लाइड पोलादाचीच असते आणि दर गोळीला ती या फ्रेमवरून मागेपुढे घासते. पोलादाची फ्रेम झिजते तेव्हा चकाकते, सैल होते, वर्षानुवर्षं आधी सांगते. अलॉयला वरून फक्त कडक काळी कातडी असते. ती घासली गेली की आतला धातू मऊ. तो वाकत नाही, कुरकुरत नाही, एक दिवस तडकतो. हे मला माहीत होतं. पण दाजी दर रविवारी नेमबाजीच्या रेंजवर शंभर शंभर गोळ्या झाडतील हे मी धरलंच नव्हतं. पाच वर्षांत किती झाल्या असतील, कर हिशेब.

गेल्या खंडेनवमीला नेहमीसारखं मी दाजींचं ते अलॉयचं पिस्तूल पुसून, तेलाचं बोट फिरवून पाटावर ठेवलं आणि हळदकुंकू वाहिलं. दाजी शेजारीच बसले होते. फडक्याने कुंकू पुसलं तर फ्रेमवर, स्लाइडच्या खाचेखाली, केसाएवढी लाल रेघ तशीच राहिली. तेलकट कुंकू आत शिरलं होतं. ओरखड्यात कुंकू असं शिरत नाही, तड्यात शिरतं. भिंग हाताशी होतं, पण तेही पाटावर पूजेत मांडलेलं, आणि नवमीला पूजेतलं अवजार कामाला उचलायचं नाही, हा आपल्या अण्णांनी घालून दिलेला नियम. पिस्तूल उचलताना तो नियम आठवला नव्हता, पण माझ्या मनाला तेवढंच निमित्त पुरलं.

नेमकं तेव्हाच दाजी म्हणाले, "अंबादादा, मला जुनंच द्या ओ परत. ह्याच्यावर मन बसंना."

जुनं माझ्याच तिजोरीत होतं. द्यायला दोन मिनिटं लागली असती. पण पाच वर्षं ज्यांना हसलो त्यांच्यासमोर हार मानायची? मी म्हणालो, "तीस वर्षं हेच करतोय दाजी. माझ्या शब्दावर भरवसा नाही?" आणि ती रेघ अंगठा दाबून, थुंकी लावून पुसली. दाजी बिचारे ओशाळले. "तसं नाय ओ," म्हणाले आणि पिस्तूल कमरेला लावून गेले.

दुसऱ्या सोमवारी मलकपेठला भर अकरा वाजता मोटारसायकलवरून दोघं आले. गौरी गाडीत शेजारीच होती. पहिला कोयता काच फोडून दाजींच्या खांद्यात बसला. त्यांनी एक गोळी झाडली. त्या एका गोळीने फ्रेम उकलली आणि स्लाइड अर्ध्यावर अडकून बसली. पुढचे घाव त्यांनी नुसत्या हातांवर झेलले, अकरावा मानेवर बसला. गौरीने एवढंच पाहिलं की बाबांच्या हातात पिस्तूल आहे आणि ते झाडत नाहीत. म्हणूनच ती बापाचं नाव काढत नाही ना?

अंघोळ घालताना त्यांचा डावा हात मी धरला होता. तळहातावर सात चिरा होत्या, एकीला एक समांतर, सारख्या अंतरावर. तू विचारलंस, "दादा, हे काय?" मी म्हणालो, "कोयता."

कोयता सारख्या अंतरावर सात वेळा कापत नाही, त्रिवेणी. स्लाइड ओढताना बोटं घसरू नयेत म्हणून तिच्या मागच्या टोकाला खाचा कोरलेल्या असतात. सात. खांदा फाटलेला माणूस, अंगावर घाव पडत असताना, तो अडकलेला लोखंडाचा तुकडा मागे ओढत होता. इतक्या जोराने, की तळहाताची सालं निघाली. मुलगी शेजारी होती म्हणून ओढत होता.

इन्स्पेक्टरने नंतर मला ते पिस्तूल दाखवलं. "अंबाजी साब, ये क्रॅक पैले से था क्या?" मी म्हणालो, "नै साब, रोड पे गिरके हुआ." आणि तशा जबाबावर सहीसुद्धा केली. तड्याच्या आत अजून लाल होतं. त्यांना ते रक्त वाटलं.

ते दोघं तुरुंगात आहेत. त्यांना माझ्या हाताने मारावं म्हणून वर्षभर मी दाजींच्या वडिलांचं पोलादी पिस्तूल बाहेर काढून बसतो. खटक्यावर खटका दाबतो. झिजून चांदीसारखं झालंय, पण एकदाही अडत नाही. दर खटक्याला समोर त्या दोघांची तोंडं आणायला बघतो आणि दर वेळी माझंच येतं.

परवा सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन सगळं खरं लिहून देणार आहे. दुकानाचा परवाना जाईल, खोट्या सहीचं जे व्हायचं ते होईल. वर्षश्राद्धाला अरविंदसमोर उभं राहून हेच बोलेन. तू येऊ नको म्हणालीस तर हे पत्र सगळ्यांसमोर वाच. मला माफ कर असं लिहिणार नाही. तेवढा निर्लज्ज अजून झालो नाही.

गौरीला सांग, तिच्या बापाचा हात थरथरला नव्हता. थरथरायला हवा होता तो माझा अंगठा, रेघ पुसताना. तो जराही थरथरला नाही.

अंबाजी
(पुढे 'दादा' लावायचं की नाही, ते तू ठरव.)