सून माझ्या खुर्चीवर बसणार नाही

मी, बायडाबाई झिपरू सोनवणे, वय सत्तावन्न, मूळची साक्री तालुक्यातली, हल्ली राहणार नरोली, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. दबाव काय असतो ते मला चांगले ठाऊक आहे, म्हणून हे मुद्दाम नमूद केले.

१. नरोलीच्या माझ्या दोन पत्र्याच्या खोल्या मुलगा गोकुळ यास. शिलाई मशीन सून रोशनीस. ती ते माझ्यापेक्षा बरे चालवते.

२. मी कामाला होते त्या कारखान्याच्या समानता समितीवर मी सहा वर्षे कामगार बायांची प्रतिनिधी होते. बैठकीत शिरताच हजेरीची सही घेत. सही तळाशी, वरचा कागद कोरा. मी चौथी पास, सही करता येते याचाच मला तोरा. ठराव मागाहून त्याच कागदावर इंग्रजीत टाइप होई. मी पाळणाघर मागितले, संडास मागितले; साहेब लोक माना डोलवत राहिले. निघाले काय, तर बाया-पुरुष समान, म्हणून बायांनीही पन्नास किलोची गोणी उचलावी. खाली माझी सही. माझ्याबरोबर कामाला असलेल्या चंदाची कंबर त्यात कायमची गेली. भेटायला गेले तर एवढेच म्हणाली, "मावशी, सही तं तुनीच शे ना?" सही माझीच, हे खरे. साहेब लोकांचा संताप येतो तो वेगळाच.

३. महिला दिनाची शाल मॅनेजर हेमंत साहेबांना परत करावी. घडी मोडलेली नाही.

४. मी आजारी पडल्यापासून साहेबांनी समितीवर माझ्या जागी रोशनीला घ्यायचे ठरवले आहे. घरातलीच बरी, ती फार बोलत नाही, असे ते गोकुळला म्हणाले, आणि हा शहाणा पेढे घेऊन घरी आला. खुर्ची माझ्या मालकीची नाही, म्हणून ती मला कोणाला देता येत नाही. गोणी उचलणाऱ्या बायांनी आपल्यातली एक निवडावी. गोकुळने रोशनीला बसवलेच, तर दोन्ही खोल्या त्याला न मिळता बायांच्या पाळणाघराला जाव्यात.

५. पितळी परात चंदाला द्यायची होती. पण साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, असे वकील म्हणाले, आणि मला तिचीच साक्ष हवी. परात सोडायला ती लगेच तयार झाली, सही करायला नाही. म्हणाली, "पयले वाची दाखाड, मंग सही करसू." मी पहिल्या ओळीपासून सगळे वाचून दाखवले. खाली कोरी जागा उरली होती, तिथे आडवी रेघ मारली.

―――――――――――

सही: बायडाबाई झिपरू सोनवणे

साक्षीदार:
१. वाळू चिंधा पवार, राखोली
२. चंदा भगवंत मोरे, नरोली. सगळे ऐकले, मगच सही केली.

सिल्वासा, दि. १२ ऑगस्ट १९९६